वरून सगळं दिसतं, मग पंचनाम्याला माणूस का लागतो?

निफाड तालुक्यात माझ्या मामांची तीन एकर द्राक्षबाग आहे. माल काढायला जेमतेम पंधरा दिवस राहिले होते आणि एका संध्याकाळी वीस मिनिटं गारा पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन आला, आवाज पार बसलेला, कुठल्या ओळीत किती गेलं ते सगळं सांगून झालं आणि मग म्हणाले, "अरे तू कॉलेजात हेच शिकवतो ना, मग मला एक सांग. सॅटेलाइटला म्हणे रस्त्यावरची गाडी दिसते, गाडीचा नंबर पण दिसतो. मग माझी बाग दिसत नाही का त्याला? पंचनाम्याला माणूस यायची वाट कशाला बघायची?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्या दिवशी फोनवर मी जे घाईत सांगितलं ते आता नीट सांगायचा प्रयत्न करतो, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी माझ्याकडे येत असतो, सोसायटीतले काका विचारतात की सरकार आपल्याला वरून बघतं का, पोरं विचारतात की स्टारलिंकचं सॅटेलाइटवरून मिळणारं इंटरनेट आलं की फायबर बंद होणार का, आणि आता सिंहस्थ तोंडावर आलाय तर गर्दीवर सॅटेलाइट नजर ठेवेल ना असंही विचारतात. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं. सॅटेलाइट म्हटलं की पहिला प्रश्न विचारा, किती उंचीवर आहे? ते कळलं की त्याला काय दिसेल, किती वेळ दिसेल, त्याच्यावरून बोललं तर आवाज किती उशिरा पोचेल, अर्धंअधिक उत्तर तिथंच मिळतं.

खालच्या मजल्यापासून सुरू करू. जमिनीपासून साधारण ४०० ते १,२०० किमी. जवळून फोटो काढणारे, हेरगिरी करणारे, स्टारलिंकचे, बहुतेक याच पट्ट्यात. आता ५०० किमी म्हणजे काही फार नाही, नाशिकहून नागपूर याहून लांब पडतं. पण इतक्या खाली टिकून राहायचं तर सॅटेलाइटला सेकंदाला साडेसात किमीच्या वर पळावं लागतं. तो सारखा पडतच असतो खरं तर, फक्त पडता पडता इतका पुढे जातो की खालची जमीनही गोल वळून त्याच्यापासून लांब जात राहते. या वेगानं नाशिक ते मुंबई पंचवीस सेकंदांच्या आत. आपल्याला कसारा घाट उतरायला किती वेळ लागतो ते आठवा. पृथ्वीची एक फेरी साधारण दीड तासात, दिवसाला पंधरा-एक फेऱ्या, आणि तो वर फिरत असताना खाली पृथ्वी पण फिरतेय, म्हणून पुढच्या फेरीत तो नाशिकवर येतच नाही, अडीच-एक हजार किमी पश्चिमेला सरकून जातो.

म्हणजे जवळून बघणारा सॅटेलाइट तुमच्या डोक्यावर थांबू शकत नाही. या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत धरलं तरी दहा-एक मिनिटं, आणि बरोबर वर तर काही सेकंदच. घिरट्या घालणारी घार वेगळी आणि हा वेगळा. सिनेमात दाखवतात ना की कंट्रोल रूममध्ये बसून एका माणसाला तासभर वरून बघतायत, ते एका सॅटेलाइटला जमत नाही. काही सॅटेलाइट मान वळवत वळवत एका जागेचा मिनिट-दीड मिनिटाचा व्हिडिओ काढतात, पण तेवढंच.

आता सगळ्यात वरचा मजला, ३५,७८६ किमी, बोलताना आपण ३६,००० म्हणतो. या उंचीवर एका फेरीला बरोबर तेवढाच वेळ लागतो जेवढा पृथ्वीला स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला लागतो. सॅटेलाइट विषुववृत्ताच्या वर असेल तर खालून बघणाऱ्याला तो एकाच जागी खिळल्यासारखा वाटतो. याचा पुरावा बघायला कुठं लांब जायला नको, सिडकोत किंवा पंचवटीत कुठल्याही जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर जा आणि टीव्हीच्या छत्र्या बघा. सगळ्यांची तोंडं दक्षिण आणि पूर्वेच्या मधे. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून दक्षिणेकडे बघायचं, आणि आपल्या डीटीएचचे सॅटेलाइट आपल्या रेखांशाच्या पूर्वेला, म्हणून पूर्वेला झुकायचं. छत्री बसवणाऱ्या पोरानं एकदा पान्यानं नट आवळला की ती छत्री दहा वर्षं तशीच राहते, कारण वरचा सॅटेलाइट पण तिथंच राहतो.

हवामान खात्याचे ढगांचे फोटो याच मजल्यावरून येतात, इनसॅट-३डी आर, इनसॅट-३डी एस वगैरे. अख्खा देश चोवीस तास समोर. पण इतक्या लांबून बारीक दिसत नाही. त्या फोटोतला एक ठिपका जमिनीवर चांगल्यात चांगला एक किमी बाय एक किमीचा, म्हणजे एका ठिपक्यात जवळपास अडीचशे एकर. मामांची बाग त्या ठिपक्यात मिठाच्या खड्यासारखी विरघळून जाते. गारांचा ढग मात्र दिसतो, कुठून कुठं चाललाय ते दिसतं, आणि ते फार मोलाचं आहे.

मग कोणी म्हणेल, मोठी दुर्बीण लावा की ३६,००० किमीवर. हिशोब करून बघा. तिथून एक मीटरची वस्तू ओळखायची तर आरसा साधारण २२ मीटर व्यासाचा लागेल. हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा आहे. उजेडाच्या लाटेचाच तो नियम आहे, पैसे ओतून वाकवता येत नाही. त्यामुळे बारीक बघायचं तर खाली या आणि पळा, सतत बघायचं तर वर जा आणि धूसर बघा, यातलं एक निवडावं लागतं. सॅटेलाइटच्या अर्ध्या गोष्टी या ओढाताणीतूनच निघतात.

आता मामांच्या बागेकडे. युरोपचे सेंटिनेल-२ नावाचे सॅटेलाइट आहेत, त्यांचे फोटो सगळ्या जगाला फुकट मिळतात, तुम्हीसुद्धा मोबाइलवर उघडून बघू शकता. त्यातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर. म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणजे किती? जवळपास बरोबर एक गुंठा! मी वर्गात हे सांगतो तेव्हा शेतकऱ्यांच्या घरची पोरं लगेच सरसावून बसतात, कारण गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट हे त्यांना पाठ असतं. एक एकर म्हणजे चाळीस ठिपके, मामांची बाग म्हणजे एकशे वीस. अमेरिकेच्या लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठ्यांचा. आणि आपला कार्टोसॅट-३, जो इस्रोनं २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सोडला, त्याचा काळापांढरा ठिपका २५ सेंटीमीटरचा, घरातल्या फरशीच्या टाइलपेक्षाही लहान. पण कार्टोसॅट एवढं बारीक बघतो तर एका वेळी पट्टा अरुंद बघतो, सतरा-एक किमीचा, सेंटिनेलचा पट्टा २९० किमीचा. परत तीच ओढाताण.

सेंटिनेलची जोडी मिळून एका जागेवर दर पाच दिवसांनी येते आणि प्रत्येक वेळी आपल्या घड्याळात सकाळी अकराच्या सुमारासच येते. कक्षाच तशी निवडलेली असते, म्हणजे दर वेळी ऊन साधारण त्याच कोनातून आणि आजचा फोटो मागच्या फोटोशी ताडून बघता येतो. शिवाय त्याला आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेडही दिसतो, टीव्हीच्या रिमोटमधून निघतो ना, त्या जातीचा. निरोगी हिरवं पान लाल उजेड खाऊन टाकतं आणि हा न दिसणारा उजेड भरपूर परत फेकतं, पान सुकलं की हे गणित बिघडतं, म्हणून दोन्हींची तुलना करून बाग किती जोमदार आहे याचा आकडा काढता येतो. खूप कामाची गोष्ट आहे ही, पाण्याचा ताण कुठल्या कोपऱ्यात बसतोय ते डोळ्यांना दिसायच्या आधी कधी कधी त्यात दिसतं.

मी मामांच्या बागेचे गारपिटीच्या आधीचे आणि नंतरचे फोटो काढले आणि रविवारी निफाडला घेऊन गेलो. आधीचा हिरवा. नंतरचा, हिरवाच. थोडा फिकट, पण हिरवा. मामा चष्मा लावून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे वरून बाग चांगली दिसते की रे." मग आम्ही दोघं मांडवाखाली गेलो. द्राक्षाला मांडव असतो, पानं वर पसरतात आणि घड खाली लोंबतात. वरची पानं फाटली होती, भोकं पडली होती, पण तारांवर तशीच होती. त्यांच्याखाली घडांची एक बाजू, जिकडून वारा होता ती, ठेचल्यासारखी झालेली, मणी तडकलेले, तडकलेल्या मण्यांतून रस गळून खालचे चांगले मणी चिकट झालेले, त्यावर माशा, आणि दोन दिवसांत तिथून बुरशी धरायला लागलेली. एक घड मामांनी हातात धरला तर निम्मे मणी त्यांच्या तळहातावर निघून आले. हे वरून दिसणार नाही. २५ सेंटीमीटरवाल्याला पण नाही, कारण प्रश्न किती बारीक दिसतं याचा नाहीच, मधे पानांचं छप्पर आहे याचा आहे.

म्हणून पंचनाम्याला माणूस लागतो. सॅटेलाइट हे सांगू शकतो की कुठल्या कुठल्या गावांवरून गारांचा पट्टा गेला असेल, कुठली सोयाबीन पाण्याखाली गेली, कुठं कांद्याचं क्षेत्र किती आहे. घडाला हात लावून बघणं त्याचं काम नाही. आणि जे लोक सांगतात की आता सगळं वरूनच मोजू, त्यांनी एकदा मांडवाखाली वाकून बघावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरी अडचण ढगांची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नाशिकच्या वर कायम ढग, त्र्यंबक-इगतपुरीकडे तर विचारूच नका, मग सकाळी अकराला येणाऱ्या सॅटेलाइटला फक्त पांढरा कापूस दिसतो. नेमका तेव्हाच पूर येतो. याच्यावर उपाय म्हणजे रडार. कॅमेरा सूर्याचा परावर्तित उजेड बघतो, रडारवाला स्वतःच रेडिओ लाटा खाली सोडतो आणि त्या आपटून परत आल्या की त्यावरून चित्र बनवतो. रात्र असो, ढग असोत, त्याला फरक पडत नाही. पाण्याचा पृष्ठभाग सपाट, त्यावर पडलेली लाट आरशावरून उडाल्यासारखी तिकडच्या तिकडे निघून जाते, परत येत नाही, म्हणून रडारच्या चित्रात पाणी काळं दिसतं. गोदावरीला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं ते विचारतो, गुडघे, कंबर, छाती. रडार तेच विचारतो पण खाली सायखेडा, चांदोरीपर्यंत काळा डाग किती पसरला ते एकदम दाखवतो.

भारतानं २००९ मध्ये रिसॅट-२ सोडला तो रडारवालाच, २६/११ नंतर घाईनं, रडार इस्रायलचं. आणि २०२५ च्या ३० जुलैला निसार गेला, नासा आणि इस्रो दोघांचा मिळून, १२ मीटर व्यासाची जाळीची छत्री उघडून दोन वेगवेगळ्या लांबीच्या लाटांनी बघणारा. दर १२ दिवसांनी तीच कक्षा परत, आणि मागच्या चित्राशी जुळवून जमीन सेंटीमीटरनं सरकली तरी कळतं. जमिनीतून पाणी उपसून उपसून ती खचतेय का, डोंगरउतार हळूहळू सरकतोय का, हे त्यातून काढता येतं. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आता पाळतीचं. गाडीचा नंबर दिसतो का? नाही. पाटीवरच्या अक्षराची रेघ सेंटीमीटरभर जाड, ती ५०० किमीवरून ओळखायची तर आरसा ३० मीटरच्या आसपास लागेल. आणि साधी गोष्ट, नंबरची पाटी उभी असते, वरून टप दिसतो. गाडी आहे, ट्रक आहे की कार आहे, कुठल्या रंगाची आहे, हे कळतं. माणूस म्हणजे फार तर एक-दोन ठिपके आणि त्याची सावली. गुगलच्या नकाशावर तुमचं घर दिसतं ते लाइव्ह नसतं, काही महिने किंवा काही वर्षं जुनं असतं, वेगवेगळ्या दिवसांचे तुकडे जोडलेले असतात आणि जगात बऱ्याच शहरांचे फोटो तर विमानातून काढलेले असतात.

देशांसाठी मात्र ही पाळत अगदी खरी आहे. अमेरिकेचे पहिले हेरगिरीचे सॅटेलाइट, कोरोना नावाचे, १९६० पासून साध्या फिल्मवर फोटो काढायचे. फिल्म संपली की डबीत भरून खाली सोडायची, ती पॅराशूटवर तरंगत यायची आणि विमान तिला हवेतच आकड्यानं पकडायचं! मग धुवायची. आता फोटो रेडिओनं येतात, पण मूळ मर्यादा तीच की सॅटेलाइट ठरल्या वेळी येतो आणि जातो. आपल्याकडे १९९५ मध्ये पोखरणच्या अणुचाचणीची तयारी अमेरिकेला सॅटेलाइटच्या फोटोंत दिसली आणि दबाव आला, चाचणी झाली नाही. १९९८ ला आपल्या लोकांनी सॅटेलाइट कधी वर येतो त्याची वेळापत्रकं काढली, काम रात्री केलं, उजाडायच्या आत यंत्रं होती तशी जागेवर नेऊन ठेवली, आणि ११ मेला चाचणी झाल्यावरच जगाला कळलं. ज्यांनी हे केलं त्यांनी उंची, वेग आणि वेळ हे तीन आकडे कागदावर मांडले होते, दुसरी जादू नव्हती.

पण हीच युक्ती आता अवघड होत चाललीये, कारण सॅटेलाइटची संख्या वाढतेय. एकच असेल तर तो गेला की चार-पाच दिवस मोकळे, पन्नास असतील तर काही तासांनी पुढचा हजर. म्हणूनच २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारनं ५२ टेहळणी सॅटेलाइटच्या कार्यक्रमाला मंजुरी दिली, २१ इस्रो बनवणार आणि ३१ खासगी कंपन्या. आकडा ५२ का, असं विचारलं तर उत्तर हेच, एका सॅटेलाइटला थांबता येत नाही म्हणून रांग लावायची.

सिंहस्थाचं पण यातच उत्तर आहे. २०२५ च्या प्रयागराज कुंभाचे इस्रोनं फोटो दिले होते, आधी मोकळं मैदान आणि नंतर तंबूंचं शहर, रडारवाले पण होते. नाशिकला तपोवनात साधुग्रामची आखणी, पार्किंग कुठं, रस्ते कुठं, नदीचं पात्र किती मोकळं, याला हे सोनं आहे. पण पर्वणीच्या पहाटे रामकुंडाच्या अरुंद बोळात गर्दी दाटतेय का हे सॅटेलाइट सांगणार नाही. ते सीसीटीव्ही, ड्रोन आणि तिथं उभा असलेला पोलीस सांगणार.

मग आपल्यावर वैयक्तिक पाळत कुठून असते? इथं एक गैरसमज फार पक्का बसलाय की जीपीएस चालू केलं की सॅटेलाइटला मी कुठं आहे ते कळतं. उलट आहे. जीपीएसचे सॅटेलाइट मधल्या मजल्यावर, २०,२०० किमीवर, आणि ते फक्त ओरडत असतात, मी अमुक आणि आत्ता वेळ ही. देवळातल्या घंटेसारखं, घंटेला काय माहीत कोणी कोणी ऐकली. तुमचा फोन चार घंटा ऐकतो, कुठली किती उशिरा पोचली त्यावरून स्वतःच हिशोब करतो की मी द्वारका सर्कलला आहे. सॅटेलाइटकडे काहीच परत जात नाही. भारताची स्वतःची नाविक यंत्रणा पण असंच फक्त ओरडते. पण फोननं काढलेली ही जागा नंतर कुठलं ॲप कोणाला पाठवतं, मोबाइल टॉवरच्या नोंदीत काय राहतं, ती पाळत, आणि ती जमिनीवरच होते, वायरीतून होते. आभाळाकडे बोट दाखवणारे काका ॲपला लोकेशनची परवानगी मात्र डोळे मिटून देतात, तेव्हा मला खरंच काळजी वाटते.

आता बोलण्याचं, म्हणजे कम्युनिकेशनचं. वरच्या मजल्यावरचा सॅटेलाइट एखाद्या उंच टॉवरसारखा समजा. खालून सिग्नल येतो तोवर तो पार क्षीण झालेला असतो, सॅटेलाइट त्याची फ्रिक्वेन्सी बदलतो, जोर वाढवतो आणि परत खाली सोडतो. फ्रिक्वेन्सी बदलायची कारण स्वतःच्याच आवाजात दुसऱ्याचं ऐकू येणार नाही म्हणून. तीन सॅटेलाइट नीट ठेवले की ध्रुवांकडचा भाग सोडून सगळं जग झाकलं जातं. १९७५ च्या १ ऑगस्टपासून वर्षभर नासाच्या एटीएस-६ वरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांत टीव्ही दाखवला गेला, गावात तीन मीटरची छत्री, ती पण कोंबडीच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. ज्या गावात रस्ता नव्हता तिथं शेतीचा कार्यक्रम पोचला. विक्रम साराभाईंनी हे आधीच ओळखलं होतं, त्यांच्याच नावाचं पृथ्वी केंद्र, म्हणजे सॅटेलाइटशी बोलणारं जमिनीवरचं स्टेशन, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या पुणे रोडवर नारायणगावजवळ आर्वीला उभं राहिलं, परदेशाशी फोन जोडायचं ते देशातलं पहिलं मोठं केंद्र. लोक तिथल्याच खोडदच्या आसपास पसरलेल्या तीस मोठ्या डिश बघून तेच समजतात, पण ती रेडिओ दुर्बीण, ती आकाशगंगा ऐकते, सॅटेलाइटशी तिचा संबंध नाही.

अडचण परत उंचीची. ३६,००० वर आणि ३६,००० खाली, प्रकाशाच्या वेगानं गेलं तरी पाव सेकंद. तुम्ही हॅलो म्हटलं, समोरच्यानं उत्तर दिलं, ते यायला अर्धा सेकंद. टीव्हीला चालतं, बोलताना दोघं एकमेकांच्या वाक्यात पाय घालतात. पाऊस जोरात आला की टीव्ही जातो तो पण यातलाच भाग, डीटीएचच्या लाटा अडीच-एक सेंटीमीटर लांबीच्या, पावसाचे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. छत्री हलली नसते, गच्चीवर चढू नका, पाऊस कमी झाला की येतो परत.

म्हणूनच समुद्राखालच्या केबलनं बाजी मारली. देशादेशांतला ९५ टक्क्यांहून जास्त डेटा आजही समुद्राच्या तळाशी पडलेल्या काचेच्या तंतूंतून जातो, मुंबईच्या किनाऱ्यावर त्या केबल बाहेर येतात. दुबईतल्या भावाशी व्हिडिओ कॉल करताना आपण आभाळातून बोलतोय असं वाटतं, बोलणं अरबी समुद्राच्या तळातून चाललेलं असतं.

सॅटेलाइटवरून बोलणं चोरून ऐकता येतं का? येतं, आणि तेही उंचीमुळेच, कारण वरून टाकलेला सिग्नल अर्ध्या खंडावर पसरतो, त्या पसाऱ्यात कोणीही छत्री लावली की पकडतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या पाच देशांची एशेलॉन नावाची यंत्रणा असंच करायची, २००१ मध्ये युरोपच्या संसदेनं त्यावर अहवाल काढला आणि लोकांना सांगितलं की तुमचे ईमेल एन्क्रिप्ट करा, म्हणजे कुलूपबंद करून पाठवा. इतकी वर्षं झाली तरी सगळे शहाणे झालेले नाहीत. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी सुमारे ८०० डॉलरचं साधं सामान गच्चीवर लावलं आणि वरच्या मजल्यावरच्या सॅटेलाइटमधून लोकांचे कॉल आणि मेसेज उघडे वाहताना सापडले, काही कंपन्यांनी कुलूपच लावलं नव्हतं. व्हॉट्सॲपसारखं दोन्ही टोकांना कुलूप असलेलं ॲप असेल तर मधल्या माणसाला नुसता कचरा दिसतो, म्हणून ते कुलूप महत्त्वाचं, रस्ता आभाळातला असो नाहीतर समुद्रातला.

स्टारलिंकनं काय केलं तर टॉवर खाली आणला, साधारण पाचशे किमीवर. उशीर अर्ध्या सेकंदावरून सेकंदाच्या काही शतांशांवर आला, व्हिडिओ कॉल आरामात. पण खाली आणला म्हणजे तो पळणार, आणि एकाला जमिनीचा लहानसाच तुकडा दिसणार, म्हणून आठ हजारांहून जास्त सॅटेलाइट सोडावे लागले, एक मावळतीला गेला की दुसऱ्यानं तुमचा कॉल हातात घ्यायचा. घरावरची त्यांची सपाट डिश मान न हलवता आतल्या आत किरण वळवून त्यांच्या मागे फिरते. वनवेब ही अशीच दुसरी कंपनी, १,२०० किमीवर, त्यांचे ७२ सॅटेलाइट तर २०२२ आणि २०२३ मध्ये आपल्याच इस्रोच्या रॉकेटनं नेले. स्टारलिंकला भारताचा परवाना २०२५ मध्ये मिळाला, आणि आपल्याकडे अट अशी की ट्रॅफिक भारतातल्या गेटवेतूनच, म्हणजे कंपनीच्या इथल्या जमिनीवरच्या स्टेशनातूनच, उतरायला हवं, म्हणजे तपासाला कायद्यानं गरज पडली तर सरकारला हात घालता येईल.

एक सांगायचं राहिलं, ट्रेकला जाणाऱ्यांसाठी आणि ज्यांचे पाहुणे परदेशातून येतात त्यांच्यासाठी. थुराया, इरिडियमचे सॅटेलाइट फोन आणि मेसेज पाठवणारी सॅटेलाइट यंत्रं भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ठेवता येत नाहीत. विमानतळावर लोक अडकलेत यात. साल्हेरला किंवा हरिहरला रेंज नाही म्हणून कोणी हौसेनं मागवणार असेल तर आधी परवानगी, मग यंत्र.

माझ्या वर्गात सुरगाण्याकडच्या पाड्यावरची एक मुलगी आहे. घरी गेली की असाइनमेंट पाठवायला डोंगराच्या एका ठरावीक खडकावर जाऊन बसते, तिथं एक कांडी रेंज येते. तिनं विचारलं, सर आमच्याकडे ही स्टारलिंकची डिश चालेल का? मी म्हटलं, चालेल, फायबर तिथपर्यंत नेण्यापेक्षा लवकर चालेल, आणि अशा पाड्यांसाठीच ती आहे, नाशिक रोडच्या फ्लॅटला तिची गरज नाही. मग आम्ही दोघांनी वहीच्या पाठीमागे लिहून काढलं काय काय लागेल. डिशला वर मोकळं आभाळ लागणार, सागाची झाडं आणि डोंगर आड यायला नकोत, म्हणून घरावर नाही तर शाळेच्या पत्र्यावर. वीज सतत लागणार, पन्नास ते शंभर वॅट, आणि पाड्यावर पावसाळ्यात लाइट दोन-दोन दिवस जाते, मग सोलर आणि बॅटरी. महिन्याचे पैसे एका घराला झेपणार नाहीत, पण शाळा, अंगणवाडी आणि आशाताई मिळून एक कनेक्शन. तिनं खाली अजून एक ओळ लिहिली, जुलैत पाऊस असताना चालते का ते कोणाकडे तरी बघून यायचं.